वर्ष वाया गेलं म्हणणाऱ्या लेखिका

"मॅडम, अख्खं वर्ष वाया गेलं हो." मी समुपदेशक, डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं म्हणतात, नवा धंदा टाकलेले म्हणतात. या खेपेला म्हणणाऱ्या बाई रहस्यकादंबरी लिहिणाऱ्या होत्या. (त्यांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

साताऱ्यात शिक्षिका. दिवाळी अंकांत कथा आलेल्या, पहिली कादंबरी लिहून तयार, पण छापून यायची बाकी. त्यात जानेवारी २०२६ मध्ये ९९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नेमकं साताऱ्यात भरलं. शेजारपाजार, स्टाफरूम, नणंदा, सगळे ग्रंथप्रदर्शन फिरून आले आणि ज्यानं त्यानं विचारलं, "तुमचं पुस्तक कुठल्या स्टॉलवर?" वर एका ओळखीच्या लेखकानं फेसबुकवर वर्षभराची यादी टाकलेली: करार, प्रकाशन, दुसरी आवृत्ती, पुरस्कार. तेव्हापासून यांची झोप उडाली.

आधी झोपेचंच नीट विचारून घेतलं. भूक, शाळेतलं काम, जगणं नकोसं वाटतं का, हेसुद्धा आडपडदा न ठेवता. तसं काही नव्हतं. असतं तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. वाचणाऱ्या कुणाला तसं वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

मग त्यांनी वही काढली. ओळखीच्या लेखकाच्या यादीसमोर स्वतःची यादी. मार्च: नकार. जून: उत्तर नाही. सप्टेंबर: नकार. मी म्हटलं, सप्टेंबरचा मेल दाखवा. त्यांनी नाखुशीनंच मोबाइल पुढे केला. संपादकानं चांगलं लांबलचक लिहिलं होतं. खुनी चौथ्याच प्रकरणात ओळखू येतो, कारण औषधाच्या बाटलीचा उल्लेख दोनदा आलाय. कंपाउंडरचा जबाब पुढे न्या. आणि शेवटी, "दुरुस्त करून पुन्हा पाठवा."

ही शेवटची ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. पहिल्याच वाक्याला मोबाइल उलटा ठेवला होता. असं पुष्कळांचं होतं. नकाराची धास्ती घेऊन वाचलं की नकारच दिसतो.

इंग्रज रहस्यलेखिका अगाथा ख्रिस्तीचं त्यांना माहीतच होतं, तरी तारखांसकट पुन्हा बोललो. पहिली रहस्यकादंबरी लिहिली १९१६ मध्ये. काही प्रकाशकांनी परत केली, एकानं बराच काळ ठेवून घेतली आणि मग शेवटचा कोर्टातला प्रसंग बदलायला लावला. पुस्तक आलं १९२० मध्ये. मधल्या वर्षांच्या यादीत या कादंबरीपुढे काय लिहिलं असतं? यावर बाई पहिल्यांदा हसल्या. "आमच्या सासऱ्यांचा आडसाली ऊससुद्धा दीड वर्ष उभा असतो, त्याचा डिसेंबरात कुणी हिशेब मागत नाही," म्हणाल्या. त्या लेखकाच्या यादीतलं पुस्तकही त्यानं त्याच वर्षी लिहिलं नसणार, हेही मग त्यांच्याच लक्षात आलं.

पण नुसता धीर देऊन पाठवणं मला पटत नाही. सप्टेंबरपासून त्यांनी कादंबरीची फाईल उघडलीच नव्हती. वर्ष वाया गेलं नव्हतं, पण हे चार महिने गेले होते, आणि ते प्रकाशकानं घालवले नव्हते. हे मी स्पष्ट सांगितलं. त्यांना लागलं. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

त्याच बैठकीत संपादकाला उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या खर्ड्यात आईचं आजारपण, शाळेच्या परीक्षा, दिलगिरी, सगळं होतं. तेवढं काढायला लावलं. उरलं ते असं: "सूचना पटल्या. दुरुस्त प्रत एप्रिलअखेर पाठवते."

पुढच्या वेळी आल्या त्या वैतागून. चौथ्या प्रकरणातली बाटली काढली तर नवव्यातला पुरावाच कोसळत होता. बराच वेळ त्यावरच बोलल्या, मला त्यातलं निम्मं कळलं नाही. झोपेचं मीच विचारलं. "लागते हो," म्हणाल्या आणि पुन्हा बाटलीवर आल्या.