उपवासाला पोट गप्प का बसतं?

या वेळी पोटाचीच पत्रं इतकी आलीत की केस आणि वजनवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

प्रश्न : ताई, मी ३८ वर्षांची, राहायला विक्रोळी, ऑफिस फोर्टला. पाच-सहा वर्षं झाली, पोटाने नुसता वैताग आणलाय. सकाळी तीन-तीनदा जावं लागतं, जाऊन आलं की बरं वाटतं आणि ट्रेनमधे चढले की परत कळ, कितीदा तर घाटकोपर नाहीतर कुर्ल्याला उतरून टॉयलेट शोधलंय कारण लोकलमधे सोय नाही. संध्याकाळपर्यंत पोट असं फुगतं की नाडी सैल करावी लागते. सोनोग्राफी, स्टूल टेस्ट, कोलोनोस्कोपी सगळं झालं, सगळं क्लिअर, डॉक्टर म्हणाले आयबीएस आहे, म्हणजे तपासात काही सापडत नाही पण पोट बिघडतंच, टेन्शन घेऊ नका. आता असं म्हटल्यावर कोणाचं टेन्शन गेलंय? ऑफिसातल्या एका मैत्रिणीने गहू सोडला, तिचं पोट फुगणं थांबलं. म्हणून मी तीन आठवडे चपाती बंद करून ज्वारीची भाकरी खातेय आणि खरंच बारा आणे फरक आहे. पण गेल्या रविवारी नणंदेकडे मिसळ केली होती, मी मुद्दाम पाव नाही खाल्ला, नुसती मिसळ, तरी रात्रभर पोट गुडगुड. आणि अजून एक, एकादशीला माझं पोट कायम गप्प असतं, हे मी चपाती सोडायच्या आधीपासून बघतेय. मग माझं आणि गव्हाचं जमतं की नाही? सासूबाई म्हणतात तू गहू सोडलास तर पोरांनी काय खायचं, आणि ते ग्लूटेन-फ्री पीठ बघितलं तर भाव ऐकूनच पोटात गोळा येतो.

उत्तर : अहो, उत्तर तुमच्या पत्रातच आहे, फक्त तुम्ही ते गव्हाच्या डब्यात शोधताय.

एकादशीच्या ताटात काय काय नसतं ते मोजा. चपाती नसते, बरोबर. पण कांदा नसतो, लसूण नसतो, तूर, चणा, मटकी काही नसतं. साबुदाणा, भगर, बटाटा, दाण्याची आमटी, संपलं. आणि त्या बिनपावाच्या मिसळीत काय होतं? मटकी, कटात कांदा-लसणाचं वाटण, वर फरसाण म्हणजे परत चणाच, आणि त्यावर मूठभर कच्चा कांदा. पाव बिचारा ताटात नव्हताच.

आता हे नीट समजून घ्या. गव्हात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक ग्लूटेन, हे प्रोटीन, कणकेला जो चिवटपणा येतो तो याच्यामुळे आणि ज्वारीत ते नसतं म्हणूनच भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. दुसरं फ्रुक्टान, ही साखरेची एक साखळी. ती तोडायचं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, कोणाच्याच. त्यामुळे फ्रुक्टान जसंच्या तसं मोठ्या आतड्यात जातं, तिथले बॅक्टेरिया त्यावर ताव मारतात, गॅस होतो. आतड्यात पाणीही ओढलं जातं. हे तुमच्या नवऱ्याच्या पोटात पण होतं, त्याला कळत नाही एवढंच. आयबीएसमधे आतड्याच्या नसा जास्त हळव्या असतात, तेवढ्याच गॅसची तुम्हाला कळ येते. हे मनाचे खेळ नाहीत, पण मनाचा यात हात असतो, ८.१२ची ट्रेन गाठायची असली की पोट नेमकं तेव्हाच का जागं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आणि फ्रुक्टान गव्हाशिवाय अजून कशात भरपूर? कांदा आणि लसूण. म्हणजे आपल्या वाटणाचा पायाच. मटकी-चणा-राजम्यात त्याचीच चुलत भावंडं असतात, आणि या सगळ्या कुटुंबाला फॉडमॅप म्हणतात, दुधातली साखर पण त्यातलीच.

गंमत म्हणजे शास्त्रज्ञांची पण तुमच्यासारखीच फसगत झाली होती. मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीतल्या टीमने २०११मधे आयबीएसच्या ३४ पेशंटवर प्रयोग केला, काहींना ग्लूटेन घातलेले पाव आणि मफिन, काहींना बिनग्लूटेनचे, कोणाला काय मिळतंय ते कोणालाच माहीत नाही. ग्लूटेनवाल्यांना जास्त त्रास झाला आणि गव्हावर शिक्का बसला. मग २०१३मधे त्याच टीमने ३७ जणांना आधी दोन आठवडे फॉडमॅप कमी असलेलं जेवण दिलं, सगळ्यांची पोटं सुधारली, आणि त्यानंतर गुपचूप ग्लूटेन दिलं तर काही फरकच पडेना! पुढे २०१८मधे ऑस्लोला ५९ लोक घेतले, सगळे सिलिअॅक (ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार, पुढे सांगते) नसलेले पण स्वतःहून ग्लूटेन सोडलेले, अगदी तुमच्यासारखे. त्यांना आठवडा आठवडा म्यूसली बार दिले, एकात ग्लूटेन, एकात फ्रुक्टान, एकात काहीच नाही. २४ जणांना सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टानवर झाला, ग्लूटेनवर फक्त १३ जणांना. आणि उरलेले २२? त्यांना सगळ्यात जास्त त्रास ज्यात काहीच नव्हतं त्या बारवर झाला. म्हणून मैत्रिणीच्या अनुभवावर जाऊ नका, आणि खरं सांगू का, स्वतःच्या तीन आठवड्यांवर पण एकदम जाऊ नका.

मग तुमचा बारा आणे फरक खोटा का? नाही, तो खराच असणार. लोकलमधे चौथी सीट असते ना, तसं आहे. तिघं आधीच बसलेले असतात, चौथा आला की सगळे त्याच्याकडे बघतात, जसं काही गर्दी त्यानेच केली. कांदा, लसूण, डाळ आधीच बसलेत, वर तीन चपात्या आल्या की पोट ओरडतं. चपाती उठली, जागा झाली. पण कांदा उठला असता तरी जागा झाली असती, आणि तो तुम्ही अजून उठवून बघितलेलाच नाही.

पण याच्याही आधी एक काम. तुमची सिलिअॅकची टेस्ट झालीय का? फाइल काढा आणि टीटीजी आयजीए नावाचा रिपोर्ट शोधा. सिलिअॅक म्हणजे ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं तो आजार, आणि त्याची लक्षणं आयबीएससारखीच दिसू शकतात. कोलोनोस्कोपी क्लिअर आली म्हणून तो नाही असं होत नाही, कारण ती मोठं आतडं बघते आणि सिलिअॅकची खूण लहान आतड्याच्या सुरुवातीला असते, तिथे तोंडातून दुर्बीण घालून तुकडा घ्यावा लागतो. रिपोर्ट नसेल तर डॉक्टरांना सांगून ही रक्ताची टेस्ट करून घ्या, सोबत टोटल आयजीए पण. आता खरी ग्यानबाची मेख अशी की गहू बंद असताना ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. टेस्टच्या आधी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात गहू हवा. म्हणजे तुम्हाला चपाती परत सुरू करावी लागणार. (घरी पोळी म्हणणाऱ्यांनी पोळी वाचावं.)

घाबरू नका, हेच सहा आठवडे कामाला लावू. चपाती दोन्ही वेळा खा, दोन-दोन पुरे, पण पहिले तीन आठवडे घरात तुमच्यापुरता चातुर्मास समजा. कांदा-लसूण बंद. आपल्याकडे आज्या-पणज्या कांदेनवमीला कांद्याची भजी हाणून मग चार महिने कांदा-लसणाला हात लावत नव्हत्या, त्यामुळे हा स्वयंपाक कोणाला शिकवायला नको, सासूबाईंनाच विचारा, त्यांना बरंही वाटेल. फोडणीत हिंग-जिरं, वाटणात ओलं खोबरं, आलं, कोथिंबीर. लसणाशिवाय घास उतरत नसेल तर तेलात पाकळ्या लालसर करा आणि काढून टाका. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात नाही, म्हणून वास राहतो आणि त्रास जातो. पण हेच रश्शात उकळून पाकळ्या काढल्या तर उपयोग शून्य. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. कडधान्यं या तीन आठवड्यांत थोडी कमीच, मूगडाळीचं पातळ वरण चालेल. आणि सकाळी रिकाम्या पोटी दोन कप दुधाचा चहा घेऊन धावत ट्रेन पकडत असाल तर निदान एक कप करा.

चपाती चालू असूनसुद्धा पोट शांत राहिलं तर गहू निर्दोष सुटला. मग आधी कांदा थोडासा, तीन दिवस, बघा. मग लसूण. मग डाळी. एकेक करून परत आणायचं, कारण हे सगळं जन्मभर सोडायचं नाहीये, तसं केलं तर आतड्यातल्या चांगल्या बॅक्टेरियांची पण उपासमार होते. चपातीवर त्रास कायम राहिला आणि टेस्ट निगेटिव्ह आली तर गहू कमी करा. कमी, बंद नाही. एक चपाती आणि बाकी भात किंवा भाकरी. पोरांनी खुशाल चपाती खावी आणि ते महागाचं पीठ दुकानातच राहू दे, ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लूटेन मुळातच नाही.

प्रश्न : मॅडम, मी २४ वर्षांचा, लालबागला राहतो. ऑनलाइन एक फूड इन्टॉलरन्स टेस्ट केली, त्यात गहू, दूध, अंडं आणि शेंगदाणे लाल आलेत. मला तसा काही त्रास नाही, कधीतरी गॅस होतो. सगळं सोडू का?

उत्तर : काही सोडू नकोस. रिपोर्ट परत बघ, त्यावर आयजीजी लिहिलेलं असेल. हे आयजीजी म्हणजे रक्तातली एक अँटीबॉडी, तू जे नेहमी खातोस त्याविरुद्ध ती बनतेच, म्हणजे तुला लाल रंगात तुझ्याच रोजच्या नाश्त्याची यादी छापून मिळालीय. अमेरिका आणि युरोपातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही टेस्ट यासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. गेलेले पैसे गेले. रात्री अकराला गाडीवर उभं राहून तीन वडापाव आणि वर लसणाची चटणी असं असेल तर गॅसचं कारण त्या रिपोर्टमधे सापडणार नाही.

प्रश्न : ताई, माझ्या ९ वर्षांच्या मुलीला सिलिअॅक आहे, बायोप्सी करून नक्की झालंय. आठ महिने गहू पूर्ण बंद आहे तरी टीटीजी हवा तेवढा उतरला नाही. आम्ही बाहेरचं काही देत नाही. भाकरीचं पीठ पण घरून ज्वारी नेऊन गिरणीतून दळून आणतो. कुठे चुकतंय?

उत्तर : तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात, बहुतेक. गिरणीवाल्याने तुमच्या आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो. घरघंटी घ्या, सेकंडहँड चालेल पण ज्यात कधी गहू दळला गेला नाही अशी मिळाली तरच, नाहीतर नवीन, आणि त्यात गहू कधीच घालू नका, शेजारणीने मागितली तरी नाही म्हणा. विक्रोळीच्या ताईंची टेस्ट निगेटिव्ह आली तर त्यांना गिरणीतलं चिमूटभर चालून जाईल, तुमच्या मुलीला नाही. भारतात ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, यावरून किती थोडं नडतं बघा.

दुसरा चोर हिंग. डबीतला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते आणि तो रोज प्रत्येक फोडणीत पडतो. डबीवरचं बारीक अक्षर वाचा, तांदळाच्या पिठातला मिळतो. रवा आणि शेवया म्हणजे गहूच, हे तुम्हाला माहीत असेल, पण शाळेत तिच्याबरोबर डबा वाटून खाणाऱ्या मैत्रिणींना माहीत नसतं. आणि आठ महिने म्हणजे फार नाही, काही मुलांना आकडा खाली यायला वर्षाच्या वर लागतं, त्यामुळे डॉक्टरांची पुढची तारीख चुकवू नका आणि पोरीला ओरडू नका.

प्रश्न : माझे मिस्टर ५६ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपासून पोट बिघडलंय, आधी कधीच असं नव्हतं. रात्री झोपेतून उठून जावं लागतं, वजन सहा किलो कमी झालंय. त्यांनी तुमचा मागचा लेख वाचून गहू सोडलाय, भाकरी खातात. अजून काय पथ्य सांगाल?

उत्तर : पथ्य काहीच सांगणार नाही. याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरकडे न्या. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, झोपेतून उठवणारे जुलाब, न ठरवता उतरलेलं वजन, यातलं एकेक लक्षणसुद्धा आयबीएस म्हणून सोडून द्यायचं नसतं, तुमच्याकडे तर तिन्ही आहेत. शौचातून रक्त जातंय का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, हिमोग्लोबिन किती आहे, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का, हे लिहून न्या, कारण तिथे गेल्यावर पुरुष माणसं सगळं ठीक आहे म्हणतात. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असतो, आणि तो वेळेवर सापडला तर औषधाने बरा होतो. जाईपर्यंत त्यांना चपाती परत द्या, म्हणजे गव्हाची टेस्ट करायची म्हटलं तर अडायला नको. आणि अपॉइंटमेंट पुढच्या महिन्याची देत असतील तर ऐकून घेऊ नका, वजनाचा आकडा सांगा आणि आधीची मागा.