पेट्रोल भरल्यावर पाच किलोमीटरमध्ये गाडी झटके देऊ लागली. फिल्टर पेपरवर डाग नाही. मग भेसळ आहे की नाही?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: टाकी फुल केली, लगेचच गाडी झटके देत बंद पडली, फिल्टर पेपरवर थेंब टाकला (चांगलं पेट्रोल उडून जातं, रॉकेल-डिझेलचा तेलकट डाग राहतो) तर डाग पडला नाही, आणि आता पंपाकडे दाद मागायची आहे.

भेसळ बहुधा नाही. पाणी आहे. आणि फिल्टर पेपरला पाणी कळत नाही.

पंपावर काहीही बिनसलं की रॉकेल मिसळलं म्हणून ओरडायचं, हा रिवाज झालाय. पण पेट्रोलमध्ये दहा टक्के रॉकेल मिसळलं तरी गाडी पाच किलोमीटरवर बंद पडत नाही. पेट्रोल साधारण २१० अंश सेल्सियसच्या आत पूर्ण उडून जातं, रॉकेलचा उकळबिंदू १५० ते ३०० अंशांच्या पट्ट्यात असतो. म्हणजे रॉकेलचा जड भाग नीट न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतो, प्लग काळे पडतात, चढावर इंजिन ठोकायला लागतं. हे सगळं सावकाश होतं, दोन-चार टाक्या जातात त्यात. पाण्याचं तसं नाही. ते जड असल्यामुळे थेट टाकीच्या तळाशी जातं, आणि गाडीचा इंधन पंप नेमका तळातूनच खेचतो. लाइनमधलं जुनं पेट्रोल संपलं की इंजेक्टरमधून पाणी. त्याच दिवशी त्रास देणारी इंधनातली दुसरी ठळक शक्यता: टँकरवाल्याने डिझेल पेट्रोलच्या टाकीत सोडलं. पण मग मागून दाट धूर येतो, वास येतो, गार इंजिन उचलत नाही आणि कागदावर तेलकट डागही राहतो. तुमच्याकडे तो नाही.

टाकी उतरवण्याआधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०३०१, पी०३०२ असा एकाच सिलिंडरचा कोड येत असेल तर पेट्रोलला विसरा; कॉइल, प्लग नाहीतर इंजेक्टर गेलाय. खराब पेट्रोल चारही सिलिंडरना सारखंच मिळतं, ते एकाला निवडून छळत नाही. पी०३०० म्हणजे सगळीकडे मिसिंग, जोडीला पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), तर इंधनाकडे बघायला कारण आहे. इंधन पंप मरायला टेकला असला तरी हेच दोन कोड येतात, म्हणून रेलचं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर आधी बघून घ्या.

मग नमुना. गाडी अर्धा तास सपाट जागी उभी ठेवा, हलवू नका. गाडीच्या इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन फिरवा म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरेल, मग रेलकडे जाणारी लाइन सोडवून फ्यूज परत लावा आणि पंप चालवून पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. डायरेक्ट इंजेक्शनची गाडी असेल तर फक्त कमी दाबाची बाजू उघडायची. जास्त दाबाच्या बाजूला हात लावायचा नाही, तिथे शंभर बारच्या वर दाब असू शकतो. पहिले शंभर मिली वेगळे ठेवा, ते लाइनमधलं जुनं असू शकतं. पुढचं अर्धा लिटर हा तुमचा खरा नमुना. प्यायच्या पाण्याची बाटली वापरू नका: आत राहिलेले दोन थेंब पाणी पुरता पुरावा नासवतात. बरणी त्याच पेट्रोलने एकदा विसळून घ्या आणि वर थोडी जागा सोडा.

बरणीत दोन थर दिसले तर खाण्याच्या रंगाचा एक थेंब सोडा. पाण्यातला रंग पेट्रोलमध्ये विरघळत नाही, खाली जाऊन फक्त खालचा थर रंगवतो. इथवर सोपं आहे. घोटाळा होतो तो पुढे, आणि त्यावरूनच मला हे एवढं लांबण लावावंसं वाटलं.

एका गाडीचं उदाहरण घ्या. चाळीस लिटरची टाकी, दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल. टाकी पूर्ण उपसली तेव्हा वर पिवळसर पेट्रोल आणि तळाला जवळपास तीन लिटरचा स्वच्छ थर. गाडीचा मालक म्हणतो, पंपाने मला तीन लिटर पाणी विकलं. पंपाचा मॅनेजर डिप रॉड (जमिनीखालच्या टाकीत बुडवायची मोजकाठी) दाखवतो: पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावून बघितलं, पाणी शून्य, गाडीतच शिरलं असेल. दोघंही हातघाईवर आलेले आणि दोघंही चूक.

तो तीन लिटरचा थर म्हणजे निव्वळ पाणी नव्हतं. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल १५ अंशांना साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवतं, म्हणजे चाळीस लिटरमध्ये दोनशे मिली, आणि काही दिसत नाही. गारठा वाढला की ही मर्यादा आणखी खाली येते. पाणी तिच्या वर गेलं की ते एकटं खाली बसत नाही, इथेनॉलला सोबत ओढून नेतं. त्या गाडीच्या खालच्या थरात हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती काचनळी) सोडला तर घनता ८७० किलो प्रति घनमीटरच्या आसपास. निव्वळ पाणी असतं तर ९९८ दिसलं असतं, निव्वळ इथेनॉल असतं तर ७८९. मधल्या आकड्यावरून हिशेब येतो तो चौथा हिस्सा पाण्याचा. म्हणजे तीन लिटरमध्ये पाणी पाऊण लिटर, बाकी जवळजवळ सगळं इथेनॉल, जे भरताना पेट्रोलमध्येच होतं.

वरच्या थराची खातरजमाही करता येते. शंभर मिलीच्या खुणांच्या नळकांड्यात दहा मिली पाणी आणि नव्वद मिली वरचं पेट्रोल घ्या, बूच लावून हलवा, अधूनमधून बूच सैल करून वाफ जाऊ द्या, मग दहा मिनिटं ठेवा. धडधाकट दहा टक्केवाल्या पेट्रोलमध्ये खालचा थर दहावरून एकोणीसच्या आसपास चढतो, कारण नव्वद मिलीतलं नऊ मिली इथेनॉल पाण्यात उतरतं. इथे तो चौदावर थांबला. निम्मं इथेनॉल आधीच तळाला गेलं होतं. ऑक्टेन, म्हणजे इंजिनाचं ठोकणं रोखणारा पेट्रोलचा गुण, वाढवणारं तेच असल्यामुळे तळाचं पाणी काढून टाकून वरचं पेट्रोल वापरू, हा विचारही करू नका, त्यावर इंजिन ठोकू शकतं.

आता मॅनेजरचं शून्य. पाणी शोधायची साधी पेस्ट मोकळ्या पाण्यावर रंग बदलते. इथेनॉल-पाण्याच्या थरात ती फिकट, ठिपक्याठिपक्यांची उमटते किंवा काहीच दाखवत नाही. त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते, आणि इथेनॉलचं पेट्रोल विकणाऱ्याने तीच वापरायला हवी. 'आमच्याकडे पाणी शून्य' असं कुणी छाती ठोकून सांगितलं तर पेस्टच्या डबीवरचं लेबल मागा. दुसरी गोष्ट: जमिनीखालच्या टाकीत पंपाचं तोंड तळापासून काही इंच वर ठेवलेलं असतं, त्यामुळे पूर्वी तळाला थोडं पाणी राहिलं तरी ते तिथेच पडून राही. इथेनॉल आल्यावर तळातला थर फुगतो आणि एक दिवस पंपाच्या तोंडाशी पोहोचतो. पाणी शिरतं ते बहुतेक वेळा टँकरची नळी जोडतात त्या झाकणाच्या झिजलेल्या गॅस्केटमधून आणि त्याच्या भोवतीच्या पाणी साचलेल्या खड्ड्यातून. म्हणजे यात बदमाशी लागत नाही, हलगर्जीपणा पुरतो.

याच गाडीत आधी कुणीतरी 'पाणी शोषणारं' ऍडिटिव्ह ओतून ठेवलं होतं. त्या बाटल्यांत मुख्यतः अल्कोहोल असतं. टाकीतल्या चार लिटर इथेनॉलला जे पाणी झेपलं नाही ते तुमची दोनशे मिलीची बाटली पेलणार? टाकी पूर्ण उपसा, लाइन नव्या पेट्रोलने धुवा, फिल्टर बदला. दुसरा उपाय नाही.

भरण्याआधी ओळखायची म्हणाल तर एक खूण आहे: धार. नोझल पूर्ण दाबूनही पेट्रोल रेंगाळत येत असेल तर डिस्पेन्सरचा फिल्टर कचऱ्याने चोंदलाय, किंवा पाणी लागून फुगलाय. टँकर रिकामा होत असताना भरू नये हेही खरं, तळाचा गाळ आणि पाणी तेव्हा ढवळलेलं असतं. पहाटे गारव्यात भरलं की जास्त पेट्रोल मिळतं ही मात्र थाप. जमिनीखाली दिवसरात्र तापमान जवळपास तेच असतं.

आणि डेन्सिटी, म्हणजे घनता. ती बरोबर आली की पेट्रोल शुद्ध, असं सांगणारे भेटतातच. ७४० चं पेट्रोल ऐंशी भाग घ्या, ८०० चं रॉकेल दहा भाग आणि ६८० चा हलका नॅफ्था (पेट्रोलसारखाच उडणारा खनिज तेलाचा द्रव) दहा भाग. ५९२ अधिक ८० अधिक ६८, बेरीज ७४०. वीस टक्के भेसळ आणि आकडा जिथल्या तिथे. डेन्सिटी फार तर अडाणी भेसळ पकडते, तीही आकडा १५ अंशांवर आणला तर. अंशामागे साधारण ०.८ ते ०.९ चा फरक पडतो, म्हणजे ३२ अंशांना दिसलेले ७२८ हे १५ अंशांना ७४२ च्या घरात जातात. हे न करता पंपावर भांडणारे मॅनेजरला हसायला संधी देतात.

दाद मागायची तर पावती, वेळ, नोझलचा क्रमांक हाताशी ठेवा. दोन बाटल्या तुमच्या आणि मॅनेजरच्या सहीने सील करा, त्याच नोझलचा नमुना वेगळा घ्या आणि तुमच्यासमोर योग्य पेस्टने डिप घ्यायला लावा. प्रयोगशाळेत 'भेसळ तपासा' असं मोघम लिहू नका. पाणी, इथेनॉलचं प्रमाण आणि डिस्टिलेशनचा शेवटचा उकळबिंदू (नमुना तापवत नेल्यावर शेवटचा भाग किती अंशांना उडतो तो आकडा), हे तीन मागा.

अर्थात घरी सगळंच सापडेल असं नाही. २००७ साली इंग्लंडच्या आग्नेय भागात पेट्रोलमध्ये सिलिकॉन गेलं होतं. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारे) धडाधड गेले, आणि नेहमीच्या तपासण्यांत काही दिसलं नाही, कारण सिलिकॉन कुणी शोधतच नव्हतं. तुमच्या गाडीत पाणी निघालं नाही, टाकी धुऊनही झटके राहिले, तर सेन्सरकडे बघा. इथेनॉल वीस टक्के असेल तर नळकांड्यातला थर एकोणीस नाही, अठ्ठावीसपर्यंत चढेल, त्याला भेसळ समजू नका. काही पेट्रोलमध्ये रंग घातलेला असतो, त्याचा फिकट कोरडा ठसा कागदावर राहतो. तेलकट नसेल तर तोही सोडून द्या. आणि हे सगळं पेट्रोल गाडीपुरतं आहे. डिझेल गाडीत पेट्रोल किंवा पाणी गेल्याची शंका आली तर चावीसुद्धा फिरवू नका. तिच्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, ते मिळालं नाही की पंप स्वतःला खरवडतो आणि तो लोखंडी चुरा रेलपासून इंजेक्टरपर्यंत जातो.