भंगारातला टर्बो आणि अकरावीतलं पोरगं

प्रश्न: माझा मुलगा चोपड्याला अकरावी सायन्सला आहे. धुळ्याच्या भंगार बाजारातून त्याने ट्रकचा जुना टर्बो आणलाय आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून खळ्यात जेट इंजिन बनवतो म्हणतो. त्यासाठी घरातली गॅस टाकी मागतो. त्याचे वडील म्हणतात, तो लोखंडाचा गोळा विहिरीत टाक. त्यात पुण्याच्या एका कॉलेजचा एजंट येऊन गेला. एरोनॉटिकलची सीट आत्ताच बुक करा, नंतर मिळणार नाही म्हणतो. मुलाला अडवू का?
– एक आई, चोपडा तालुका

उत्तर:

ताई, टर्बो विहिरीत टाकू देऊ नका. गॅस टाकी मात्र अजिबात देऊ नका. एजंटाचं शेवटी बोलू.

आधी तो काय बनवतोय ते समजून घ्या, म्हणजे त्याच्याशी बोलता येईल. टर्बोत एकाच दांड्यावर दोन चाकं असतात. ट्रकच्या धुराने एक चाक (टर्बाइन) फिरतं, त्याच्यासोबत दुसरं फिरतं आणि हवा दाबून इंजिनात ढकलतं. तुमचा मुलगा ट्रकचं इंजिन काढून त्या जागी एक जळणपेटी बसवणार. दाबलेली हवा पेटीत येईल, तिथे गॅस जळेल, तापून फुगलेली हवा टर्बाइन चाकातून बाहेर पडेल आणि त्याच्यासोबत फिरणारं दुसरं चाक पुन्हा हवा दाबेल. विमानाच्या इंजिनाचं तत्त्वही हेच. मात्र यातून विमान उडेल एवढा जोर मिळणार नाही. मिळालेल्या ताकदीचा बहुतेक भाग हवा दाबण्यातच खर्च होतो.

लाखभर आरपीएमने (मिनिटाला लाखभर फेरे) फिरणारी, काटेकोर बॅलन्स केलेली चाकं त्याला भंगारात आयती मिळाली. खरं डोकं लागतं ते जळणपेटीला. पेटीच्या आत भोकं पाडलेली एक नळी असते. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण साडेपंधरा किलो हवा लागते. पण तेवढ्याच हवेत जाळलं तर ज्वाला १९०० अंशांच्या आसपास जाते, आणि डिझेल ट्रकच्या टर्बोचं चाक सात-साडेसातशे अंशांचा धूर सोसायला बनवलेलं असतं. म्हणून तीन-चार पट हवा आत घ्यावी लागते. त्यातली थोडी पुढच्या बारीक भोकांतून जळायला, थोडी मधल्या भोकांतून राहिलेलं जाळायला आणि उरलेली शेवटच्या मोठ्या भोकांतून नुसती गार करायला. मागून लांबलचक ज्वाळ निघते तो व्हिडिओ मुलांना फार आवडतो. खरं तर ती ज्वाळ म्हणजे जळण पेटीत संपलं नाही आणि चाक भाजतंय याची खूण. त्याला विचारा, ‘कुठल्या ओळीत किती भोकं, आणि का?’ उत्तर कागदावर मांडून दाखवलं तर पोराला खरी आवड आहे. ‘व्हिडिओत तशीच होती’ म्हणाला, तर अजून वेळ आहे.

आता भीतीचं. ती खोटी नाही. ब्रिटिश हवाई दलातल्या फ्रँक व्हिटलने १९३० साली जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १२ एप्रिल १९३७ रोजी पहिलं इंजिन चालवलं. त्या दिवसांतल्या एका चाचणीत इंधन बंद केल्यावरही इंजिनाचा वेग वाढतच गेला, कारण गळालेलं इंधन आत साचलं होतं. आसपासची माणसं पळाली. तुमच्याकडे तर एलपीजी आहे. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. आणि खळ्यात कडब्याची गंजी असणारच.

म्हणून माझ्या अटी अशा. घरगुती सिलिंडर दुसऱ्या कामाला वापरणं कायद्यानेच बंद आहे, तेव्हा तो विषय संपला. यंदा त्याने टर्बो फक्त गार चालवावा: उघडून साफ करावा, पाती चिरलेली नाहीत ना ते बघावं, तेलाची लाइन आणि पंप बसवावा, ब्लोअरच्या हवेने फिरवून आरपीएम आणि दाब मोजून वहीत लिहावा. त्याचं बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं. दाबाने तेल मिळालं नाही तर ते बघता बघता जळतं, हे तिथेच कळेल. फिरताना चाकाच्या रेषेत कोणी उभं राहू नये, कारण चाक फुटलं तर तुकडे बाजूलाच उडतात. पेटवायचं ते बारावीनंतर, मेकॅनिकलच्या एखाद्या सरांसमोर, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, मोकळ्या जागेत. मुलगा चिडेल. चिडू द्या.

करिअरचं म्हणाल तर ‘जेट’ नावाचा वेगळा कोर्स शोधत फिरू नका. गणित पक्कं असेल तर जेईई अ‍ॅडव्हान्स्डने आयआयटी मुंबईचं एरोस्पेस किंवा तिरुवनंतपुरमची अंतराळ विज्ञानाची संस्था आयआयएसटी. तिथे नाही लागलं तर राज्याची प्रवेश परीक्षा सीईटी देऊन चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल घ्यावं. जळगावला शासकीय अभियांत्रिकी आहे. थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड, धातू हे सगळं त्यात येतं. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला प्रॉपल्शनकडे, म्हणजे विमान-रॉकेट ढकलणाऱ्या इंजिनांच्या शास्त्राकडे, वळता येतं. माझ्या मते मध्यम दर्जाच्या खासगी कॉलेजातल्या एरोनॉटिकलपेक्षा चांगलं मेकॅनिकल बरं. नोकरी विमानात नाही मिळाली तर भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या वीज केंद्रात टर्बाइन आहेतच, वाफेवर फिरणारे असले तरी.

त्याला हाताचं कामच जास्त आवडत असेल तर विमान देखभालीचा एएमई (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर) परवाना बघा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं आणि संस्था डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीत हवी. यादी त्यांच्याच संकेतस्थळावर तपासा, माहितीपत्रकावर विसंबू नका. पण एवढं लक्षात ठेवा, एएमई इंजिन तपासतो आणि दुरुस्त करतो, नवीन इंजिन आखत नाही. भारतात ते आखण्याचं काम बंगळुरूची जीटीआरई ही सरकारी संशोधन संस्था करते, कावेरी हे जेट इंजिन तिथलंच. आपल्या बाजूला नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) सुखोई विमानं बांधली गेली. तिथे आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांनाही अप्रेंटिसशिप मिळते. त्याच्या वडिलांना आयटीआय हलकं वाटत असेल तर सांगा, व्हिटल हवाई दलात शिरला तो अप्रेंटिस म्हणूनच.

राहिला एजंट. इंजिनिअरिंगचे प्रवेश बारावी आणि सीईटीच्या निकालानंतर होतात. अकरावीतल्या मुलाची सीट कोणीही बुक करू शकत नाही. पैसे दिले असतील तर पावती मागा आणि लेखी परत मागा. दिले नसतील तर त्यातल्या थोड्या पैशांत मुलाला फेरे मोजणारा एक टॅकोमीटर आणि दाब मोजणारा एक प्रेशर गेज घेऊन द्या.