मिरगाआधी गावच्या घरात उजेडाची सोय

प्रश्न : माझे आईवडील (वय 74 आणि 79) गुहागर तालुक्यात गावच्या घरी दोघंच राहतात. मी डोंबिवलीला असतो. गेल्या पावसाळ्यात एकदा लाईट गेली ती तिसऱ्या दिवशी आली. वडिलांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं आणि संडास मागच्या अंगणात आहे. दुकानदार म्हणतो, मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर बसवा. शेजारी म्हणतात, जनरेटर घ्या. काय करावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही समोर असतात तर मी आधी विचारलं असतं, वडील रात्री उठले की कुठून कुठे जातात? खाटेवरून उतरून माजघर, तिथून मागचं दार, दोन-तीन पायऱ्या, मग अंगण. तेवढ्या वाटेवर उजेड हवा. बाकीचं घर अंधारात राहिलं तरी चालेल.

हे मी शिकलो ते फार वाईट रीतीने. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. आमचं घर दापोली तालुक्यात. वाडीतले खांब आडवे झाले आणि लाईट यायला तीन आठवडे उलटून गेले. मी तेव्हा वायरिंगची कामं करून तीस वर्षं झालेला माणूस, आणि दुसऱ्याच रात्री माझी आई न्हाणीकडे जाताना उंबऱ्याला अडखळून पडली. मनगट मोडलं. घरात हातात धरायची बॅटरी (टॉर्च) होती, कपाटाच्या खणात. सकाळी मी ती उघडली तर सेल फुटून पांढरट खारी सगळीकडे पसरलेली, स्प्रिंग हिरवी पडलेली. वर्षभर कोणी हात लावला नव्हता. अजूनही ती स्प्रिंग डोळ्यांसमोर येते.

म्हणून पहिली गोष्ट, सेलच्या बॅटऱ्या काढून टाका. चार्जिंगच्या दोन लहान बॅटऱ्या घ्या. एक वडिलांच्या उशाशी भिंतीत खिळा मारून टांगा, दुसरी मागच्या दाराच्या कडीजवळ. खणात, फडताळात अजिबात नको. पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणारी पट्टी चिकटवा. दर संकष्टीला बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, असं आईंना सांगून ठेवा. तारीख विसरते, संकष्टी विसरत नाही.

आता इन्व्हर्टर. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. पण अॅसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलात तर लवकर मरते, शिवाय इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. हातात धरा सात-आठशे. साधा पंखा 75 वॅट आणि 9 वॅटचे तीन दिवे लावले तर एक रात्र निघेल. पंखा बंद ठेवला तर दोन. पुढे ती भरायला दहा-बारा तास लाईट लागते आणि तीच तर गेलेली! चार तास लाईट जाणाऱ्या गावाला इन्व्हर्टर उत्तम. तुमची अडचण तीन दिवसांची आहे. आणि बॅटरीत पाणी घालणं, टोकांवरची खारी गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावणं, हे 79 वर्षांच्या माणसाकडून होणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर सोलरचा लहान, वेगळा संच बसवला असता. 12 व्होल्टची 20 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत बेताने भरणारी डबी) आणि 12 व्होल्टवरच चालणारे 5 वॅटचे दोन दिवे : एक माजघरात, एक मागच्या दाराबाहेर. दोन्ही रात्रभर जळले तरी साधारण 100 वॅट-तास लागतात, म्हणजे ऊन नसलं तरी दोन रात्री सहज. याची वायर घरच्या वायरिंगला कुठेही जोडू नका. बटणाचा रंगही वेगळा ठेवा.

पॅनेल मात्र मोठं घ्या. दुकानात 40 वॅटचं पुरेल म्हणतील आणि मे महिन्यात ते खरंही असेल. आषाढात आभाळ दिवसदिवस उघडत नाही, तेव्हा कधी कधी पाव हिस्सासुद्धा मिळत नाही. 100 वॅटचं लावा, दक्षिणेकडे तोंड करून, फणसाच्या सावलीबाहेर. हाताने सुटतील अशा नटांवर बसवा. वादळाचा इशारा आला की शेजारचा कोणी मुलगा पाच मिनिटांत उतरवून घरात ठेवेल. कौलांवर पक्कं ठोकलेलं पॅनेल वाऱ्याने कौलं घेऊन जातं.

जनरेटर दोघांच्या घराला नको. आणि कोणी दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून जनरेटर घरच्या प्लगात खुपसायला सांगितलं, तर कृपा करून ऐकू नका. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, चढून 11,000 व्होल्ट होते, आणि लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला वायरमन मरतो. तो आपल्याच घरची लाईट जोडायला आलेला असतो. जनरेटर लावायचाच तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून, आणि यंत्र अंगणात; पडवीतसुद्धा नाही, त्याचा धूर झोपेत जीव घेतो.

मे महिन्यात गावी जाल तेव्हा एक काम करा. रात्री नऊ वाजता, वडिलांना सांगून, मेन स्विच पाडा आणि त्यांना खाटेवरून मागच्या दारापर्यंत चालू द्या. तुम्ही एक पाऊल मागे राहा. अंधारात त्यांचा हात भिंतीवर पहिला कुठे जातो ते नीट बघा. खिळा तिथे मारा.