भीमगडच्या रानात पहिली रात्र काढताना

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात मुक्कामी जायचं तर आधी वनखात्याची लेखी परवानगी आणि खात्याने मान्य केलेला वाटाड्या, दोन्ही हातात घ्या. हे नसेल तर निघूच नका. मित्र सहापेक्षा जास्त नकोत; गोंगाट झाला की जनावर लांबूनच सटकतं.

नवख्यांना सगळ्यात जास्त छळते ती जळू. पाऊस सरल्यावरही ओल्या पाचोळ्यात ती असतेच. पँटचे पायचे मोज्यात खोचा, मोजे आदल्या दिवशी तंबाखूच्या पाण्यात बुडवून वाळवा. चिकटली तर ओढू नका, मीठही टाकू नका. नख आडवं धरून आधी तोंडाकडचं बारीक टोक सोडवा, मग मागचं. जळूच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम बराच वेळ वाहते; स्वच्छ फडकं दाबून धरा, घाबरू नका.

बूट नवे घालून येऊ नका, आधी पंधरा दिवस वापरा. माणशी तीन लिटर पाणी, डोक्याची बॅटरी, जादा सेल.

अस्वल पहाटे आणि सांजेला हिंडतं. वळणावर अचानक समोर आलं तर पळू नका, वाटाड्याच्या मागे एकत्र राहून हळूहळू मागे सरका. गव्याला वाट मोकळी द्या.

या रानातल्या बारापेडे गुहांत शिरायचा हट्ट नको. राउटनच्या नावाने ओळखली जाणारी दुर्मिळ जातीची वटवाघळं तिथे राहतात, उजेडाने ती बिथरतात. झोपताना बूट तंबूच्या आत घ्या, सकाळी झटकूनच पाय घाला.