पथ्य पाळूनही न हलणारा आकडा

प्रश्न : रक्ततपासणीत लायपोप्रोटीन-ए ९२ मिलिग्रॅम आलं, ५० च्या आत हवं म्हणे. तळलेलं सोडलं, रोज तासभर चालले, तीन महिन्यांनी पुन्हा ९०! डॉक्टर म्हणतात, हे आनुवंशिक आहे. असलं निरुपयोगी प्रथिन अंगात आलं कुठून?
– एक वाचक, कराड

उत्तर : माझा आकडा ११० आहे, तेव्हा आपण एकाच पंगतीतल्या.

वाईट कोलेस्टेरॉलच्या कणाला एक लांबलचक प्रथिन चिकटलं की लायपोप्रोटीन-ए होतं. १९८७ साली या प्रथिनाचा जनुक वाचला, तेव्हा तो प्लाझ्मिनोजेनचा सख्खा भाऊ निघाला. प्लाझ्मिनोजेन म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवणारं प्रथिन : पाच वेटोळी आणि टोकाला कात्री. एकेक वेटोळं साधारण ८० अमिनो आम्लांचं, गंधकाच्या तीन टाक्यांनी बांधलेलं. त्याचं नाव क्रिंगल, हे स्कँडिनेव्हियातल्या एका वळणदार पावावरून पडलं. मी वर्गात सरळ कडबोळं म्हणायचे.

कोट्यवधी वर्षांपूर्वी माकडांच्या एका पूर्वजात या जनुकाची जादा प्रत निघाली. गुठळ्यांचं काम मूळ प्रत बघतच होती, त्यामुळे जादा प्रतीत काहीही बिघडलं तरी चालून गेलं. पहिली तीन कडबोळी गळाली. चौथ्याच्या मात्र प्रतींवर प्रती निघाल्या. पाचवं आपल्यात टिकलं, ऱ्हीसस माकडांत तेही गेलं. कात्री आहे, पण बोथट. ती उघडायला प्रथिनाची साखळी जिथे तुटावी लागते, नेमकं तिथलंच अमिनो आम्ल बदललंय. दोन्ही जनुक अजून सहाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी नांदतात. गंमत म्हणजे हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्यानेही असंच प्रथिन घडवलं, पण स्वतंत्रपणे आणि तिसऱ्या कडबोळ्यापासून!

आता तुमचे ९२. चौथ्या कडबोळ्याच्या एका प्रकाराच्या प्रती कुणात मोजक्याच असतात, कुणात चाळिसाच्या वर. प्रती कमी तितकं प्रथिन आखूड, आणि आखूड प्रथिन यकृतातून भराभर बाहेर पडतं. म्हणून छोटं प्रथिन, मोठा आकडा. यात तुमच्या तळणाचा काही संबंध नाही. चालणं मात्र सोडू नका; रक्तदाब, साखर आणि बाकीचं कोलेस्टेरॉल आपल्या हातात आहे.

'निरुपयोगी' म्हणालात, त्यावर भांडणार नाही. ज्यांच्यात ते जवळजवळ नसतं, ती माणसंही ठणठणीत असतात.

भावंडांना आणि मुलांना एकदा तपासून घ्यायला सांगा. दोन्ही पालकांकडून कुठली प्रत कुणाच्या वाट्याला येईल, नेम नसतो. माझ्या धाकट्या भावाचा आकडा ९ आला, आणि लहानपणी माझ्या ताटातली भजीसुद्धा तोच पळवायचा.