कादंबरी वाचून आलेली भक्ती खरी असते का?

तुमच्या प्रश्नात मला तीन गोष्टी दिसल्या. संतांवरच्या आणि महाभारतावरच्या कादंबऱ्या वाचायला लागल्यापासून पूजेला बसलं की मूर्तीऐवजी कादंबरीतला प्रसंग डोळ्यांपुढे येतो, ही एक. सासूबाई म्हणतात, ‘हे सगळं रचलेलं, वाचायचं तर पोथी वाच’, त्यामुळे आपली श्रद्धा खोट्यावर उभी आहे की काय असं तुम्हाला वाटू लागलंय, ही दुसरी. आणि बारा वर्षांच्या मुलीला ही पुस्तकं द्यावीत का, ही तिसरी. तुम्ही मालवणकडच्या आहात असं लिहिलंय, म्हणून उदाहरणं शक्यतो तिकडचीच घेतो.

आधी सासूबाईंचा मुद्दा घेतो, कारण खरी सल तिथे आहे. शबरीने बोरं चाखून गोड तेवढीच रामाला दिली, हे आपल्या घराघरांत सांगतात. वाल्मीकी रामायणात ती रामासाठी पंपेकाठचं रानातलं नाना प्रकारचं खाणं जमवून ठेवते, पण उष्ट्या बोरांचा उल्लेख तिथे नाही. लक्ष्मणरेषाही वाल्मीकींकडे नाही. म्हणजे कुणातरी भक्ताला, कवीला, कथेकऱ्याला ते सुचलं, ऐकणाऱ्यांना पटलं आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. म्हणून शबरीची भक्ती खोटी ठरत नाही. परशुरामाचंच घ्या. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्र त्याच्यासाठी शूर्पारक (पश्चिम किनाऱ्यावरचा) देश निर्माण करतो एवढंच आहे. बाण मारून समुद्र हटवल्याची जी गोष्ट कोकणात सगळ्यांना पाठ असते, तिचं रूप वेगळं आहे. तरी चिपळूणजवळच्या परशुरामाला जाणारा माणूस त्यापायी अडत नाही.

तुमच्याकडे तर हे जत्रेत उघड्यावर चालतं. धयकाल्यात, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी नाटकात, संवादांची लिखित संहिता नसते. आख्यान कुठलं आणि प्रवेशांचा क्रम काय एवढं रंगपटात ठरतं, बाकीचं नट तिथल्या तिथे बोलतात. पुराणातली पात्रं घेऊन संपूर्ण काल्पनिक आख्यानंही होतात. असं असूनही आडदशावतारात (मुख्य आख्यानाआधीच्या पूर्वरंगात) गणपती आला की माणसं हात जोडतात, आणि पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत देवळासमोरून हलत नाहीत. मुखवट्यामागे गावातला ओळखीचा माणूस आहे हे समोरच्या प्रत्येकाला माहीत असतं. रचलेलं आहे हे माहीत असणं आणि त्यातून भाव उमटणं, या दोन गोष्टी आपल्याकडे फार पूर्वीपासून एकत्र नांदतात. सासूबाईंना हे भांडणाच्या सुरात सांगू नका, पण तुमच्या मनात स्पष्ट असू द्या.

मात्र त्यांच्या बोलण्यात एक तथ्य आहे, आणि ते मी हलकं मानत नाही. पोथी कुणाची आणि कधीची, हे बहुधा पोथीच सांगते. महिपतींचा ‘भक्तविजय’ हा संतचरित्रांचा ग्रंथ 1762 चा. म्हणजे तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर (1650) शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेला. आपण मनचं सांगत नाही, नाभाजी आणि उद्धवचिद्घन या आधीच्या संतचरित्रकारांच्या ग्रंथांचा आधार आहे, हे महिपती स्वतः नोंदवतात. कादंबरीकारावर असं काही बंधन नाही. त्याने आधाराचं आणि मनातलं एका धाग्यात ओवलेलं असतं आणि सांधा दिसू नये हीच त्याची कारागिरी असते. तेव्हा सांधा शोधण्याचं काम वाचणाऱ्याचं.

ते कसं करायचं? साधी शंभर पानी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: मुळात आहे, परंपरेने सांगितलं, लेखकाने घातलं. अख्खी कादंबरी तपासायची नाही, कंटाळून दोन दिवसांत सोडून द्याल. ज्या प्रसंगाने तुम्ही हललात तेवढाच टिपायचा. एका पुस्तकात असे चार-पाचच प्रसंग निघतात. मग त्या प्रसंगाचं मूळ काढायचं.

एक करून दाखवतो. तुकोबांवरच्या कोणत्याही कादंबरीत दुष्काळ आणि पहिल्या बायकोचा मृत्यू येतोच, आणि वाचणारा बहुधा तिथेच रडतो. गाथेत तुकोबांचा आत्मचरित्राचा अभंग आहे, ‘याती शूद्र वंश केला वेवसाव’ या चरणाने सुरू होणारा. त्यात हा मृत्यू एका ओळीत येतो: ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. एवढंच. घर कसं होतं, ती शेवटी काय बोलली, तुकोबा कुठे बसले होते, कोण रडलं, यातलं काही नाही. त्याच्या आधी दुष्काळाने द्रव्य आटलं आणि मान गेला हे आहे, नंतर लाज वाटून दुःखाने त्रासलो हे आहे, आणि पुढे भंगलेलं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं हे आहे. कादंबरीतली दहा पानं आणि ही ओळ शेजारी ठेवून वाचा. पानांतला ओलावा लेखकाचा आहे हे कळतं. पण हेही कळतं, की ज्या दुःखावर तो उभा आहे ते दुःख तुकोबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे. माझ्या मते अशा वाचनानंतर श्रद्धा कमी होत नाही, तिला पाया मिळतो. आणि ती एक ओळ बहुतेकांना दहा पानांपेक्षा जास्त हलवते.

मूळ ग्रंथ शोधायला फार लांब जावं लागत नाही. सार्थ गाथा, भावार्थ रामायण, महाभारताचं चिपळूणकर मंडळींचं मराठी भाषांतर हे जुन्या वाचनालयांत विचारून पाहावं. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. ग्रंथपालाला नुसतं ‘महाभारत द्या’ म्हणू नका, पर्वाचं नाव सांगा. महाभारताचं कोणतं वचन किती हस्तलिखितांत सापडतं हे पाहायचं असेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती आहे. ते काम 1919 ते 1966 चाललं. पण ती संस्कृतात आहे, रोजच्या वाचनाला भाषांतर पुरे.

हा खटाटोप का, तर मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ छापलेलं असल्याने आपला बचाव होत नाही. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाचक गोष्टीत जितका ओढला गेला, तितकी त्याची मतं गोष्टीच्या बाजूला झुकली आणि तितक्या कमी जागा त्याला खटकल्या. गोष्ट खरी आहे असं सांगितलं काय किंवा काल्पनिक आहे असं सांगितलं काय, त्याने फरक पडला नाही. म्हणून ‘मला माहितीय हे काल्पनिक आहे’ एवढ्यावर विसंबू नका.

सगळ्यात जास्त ओढ प्रथमपुरुषी निवेदनाची. जो ‘मी’ म्हणून बोलतो, त्याच्या बाजूने आपण निवाडा देऊन बसतो. 1967 च्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण स्वतः बोलतो, आणि कितीतरी मराठी घरांत कर्ण म्हणजे अन्याय झालेला सज्जन हे तिथून पक्कं झालं. कर्णावर अन्याय झाला हे महाभारतातही आहे. पण सभापर्वात पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. आणि उद्योगपर्वात, युद्धाआधी कृष्णाशी बोलताना, त्या कडू बोलण्याचा आपल्याला ताप होतो असं सांगणाराही कर्णच आहे. दोन्ही प्रकरणं शोधून वाचा, फार मोठी नाहीत. अन्याय सोसलेला, स्वतः घोर अन्याय केलेला आणि तो कबूल करणारा, असा पूर्ण माणूस समोर उभा राहतो.

याचा घराशी संबंध असा. कर्णाशी एकरूप झालेला वाचक स्वतःच्या आयुष्यातही अन्यायाचीच यादी करायला लागतो: भावाने वाटणीत फसवलं, नोकरीत डावललं, सासरी किंमत नाही. यादीतलं काही खरंही असतं. पण कादंबरीतल्यासारखं आपणच ‘मी’, बाकीचे सगळे नुसती पात्रं, असं झालं की समोरच्याचं ऐकणं बंद होतं. हे व्हायला लागलंय असं वाटलं तर तो झगडा वहीत समोरच्या माणसाच्या तोंडून, त्याला ‘मी’ करून, एक पानभर लिहा. जाऊबाईच्या तोंडून स्वतःबद्दल लिहिणं जड जातं, आणि जिथे लेखणी अडते तीच जागा बोलून मोकळी करायची असते.

दुसरा बिघाड नवराबायकोत होतो. तुकोबांची दुसरी बायको आवली, तिला कथांत कजाग म्हणून रंगवतात. गाथेत तिच्या तक्रारीचे अभंग आहेत खरे, पण ती तक्रार पोरांच्या पोटाची आहे, हे विसरलं जातं. मग घरखर्चाचं विचारणारी बायको ‘आवली’ ठरते आणि जबाबदारी टाळणारा नवरा स्वतःला विरक्त समजतो. तुमच्या घरी कुणी असं बोलत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

तिसरा बिघाड निर्णयांचा. पुस्तक मिटल्याच्या भरात नवस बोलणं, मोठी देणगी देणं, अनुग्रह घ्यायला धावणं, उपासांचा संकल्प करणं. यासाठी एकच नियम पाळा: पुस्तक संपल्यापासून निदान पंधरा दिवस नवा संकल्प नाही आणि पैशाचा व्यवहार नाही. पंधरा दिवसांनी घरातल्या एका माणसाशी बोलून तेच करावंसं वाटलं तर करा. औषधाच्या बाबतीत पंधरा दिवसांचाही प्रश्न नाही. गोष्टीत अंगाऱ्याने ताप उतरला म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी एक दिवसही बंद करायची नाही. अंगारा लावा आणि गोळी घ्या.

कोकणात आणखी एक आहे, भीती. देवचार, राखणदार, वेतोबा या गावाची राखण करणाऱ्या दैवतांना भयकथेत ओढून ‘अध्यात्मिक’ नावाखाली पुष्कळ लिहिलं जातं. आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याची मोठी वहाण आणि केळी वाहतात. तो गावाची राखण करत फिरतो म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, अशी समजूत आहे. हा राखणाऱ्याचा भाव. वाचून झाल्यावर रात्री परसात जायला भीती वाटत असेल, तर त्या पुस्तकाने तुम्हाला देवाजवळ नेलेलं नाही. ते खुशाल अर्धवट सोडा, दोष लागत नाही.

आता पूजेतल्या प्रसंगाबद्दल. त्याला पाप समजू नका आणि जोर लावून घालवूही नका, जोर लावला की जास्त येतो. पूजेआधी तासभर तरी कादंबरी उघडू नका. बसल्यावर ‘सुंदर तें ध्यान’ सावकाश म्हणा आणि शब्दाबरोबर डोळे मूर्तीवर फिरवा: विटेवरचे पाय, कटावरचे कर, गळ्यातली तुळशीमाळ, कासेचा पीतांबर, कानातली कुंडलं. तुमच्याकडे विठ्ठल नसेल तर जी मूर्ती आहे तिच्या ध्यानाचा श्लोक घ्या. डोळ्याला काम मिळालं की प्रसंग मागे सरतो. रोजच्या पूजेत कादंबरीसारखं रडू येत नाही म्हणून पूजा कोरडी झाली असंही समजू नका. गोष्ट भाव शिगेला नेण्यासाठीच रचलेली असते, नित्यनेम तसा नसतो.

पोथी आणि कादंबरी यांच्या वाचनात फरक इथेच आहे. गुरुचरित्राच्या सप्ताहात रोजचे अध्याय ठरलेले असतात. प्रचलित क्रमाने पहिल्या दिवशी 9 व्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी 21 व्यापर्यंत, मग रोज अनुक्रमे 29, 35, 38, 43 व्यापर्यंत आणि सातव्या दिवशी समाप्ती. गोष्ट कितीही रंगली तरी तिथे थांबायचं. कादंबरीत ‘पुढे काय’ हेच ओढत नेतं. तुमच्या कादंबरीलाही असा थांबा घाला, रोज पंचवीस-तीस पानं, प्रकरण संपलं की मिटायचं. श्रावणात सासूबाई पोथी लावत असतील तर त्यांच्याजवळ बसा, आणि वहीत टिपलेल्या प्रसंगाचं मूळ त्यांनाच विचारा. भक्तविजयातली कथा कुठे आहे हे त्या तुमच्यापेक्षा लवकर काढून देतील, आणि वादाचं कारणही उरणार नाही.

मुलीला द्या, पण क्रम बदलून. आधी मूळ कथा संक्षिप्त रूपात, मग कादंबरी. उलट झालं तर कादंबरीतलं तेच मूळ म्हणून डोक्यात बसतं आणि पुढे ते काढणं कठीण जातं. पहिली कादंबरी संतचरित्रावरची द्या. महाभारतावरच्यांत द्यूत, नियोग, कुंतीचं कौमार्य हे विषय येतात, त्याबद्दल ती विचारणारच. तुम्ही ते पुस्तक आधी वाचलेलं असू द्या आणि प्रश्न आला की ‘मोठी झालीस की कळेल’ म्हणू नका. ‘हे खरंच झालं होतं का?’ असं तिने विचारलं, तर तीन रकान्यांची वही तिच्या हातात द्या आणि तिलाच शोधायला लावा.